नजरेचा सामना: १९५२ ची पॅट पेम्बर्टन आणि मैदानाने दिलेले धडे

१/
जून १९५२ मध्ये अमेरिकेत ‘पॅट अँड माइक’ नावाचा एक विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची नायिका गोल्फ आणि टेनिस या दोन्ही खेळांत अव्वल आहे. तिला खरोखर हरवणारा माणूस मात्र मैदानात उतरतच नाही. तो प्रेक्षकांत असतो. तो तिचा वाग्दत्त वर आहे. तो दिसला की तिचा हात अडखळतो, चेंडू भरकटतो आणि जिंकत आलेला सामना हातचा जातो. हसवण्यासाठी रचलेल्या या कल्पनेत त्या काळच्या अमेरिकन स्त्रीजीवनाचा मोठा इतिहास दडला आहे. हा धागा त्या काल्पनिक नायिकेविषयी, आणि तिच्याबरोबर पडद्यावर स्वतःच्याच नावाने वावरलेल्या खऱ्या महिला खेळाडूंविषयी.

२/
चित्रपट एमजीएम या स्टुडिओचा, दिग्दर्शक जॉर्ज क्युकर. पटकथा रुथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन या लेखक दांपत्याची. याच चमूने १९४९ मध्ये ‘ॲडम्स रिब’ हा स्त्री-पुरुष समतेचा वाद थेट न्यायालयात नेणारा चित्रपट दिला होता. पॅट पेम्बर्टनची भूमिका कॅथरिन हेपबर्नने केली आणि माइक कॉनोव्हनची स्पेन्सर ट्रेसीने. हेपबर्न स्वतः गोल्फ आणि टेनिस उत्तम खेळत असे. तिचे हे कौशल्य डोळ्यांसमोर ठेवूनच भूमिका लिहिली गेली. चित्रीकरणाच्या वेळी तिचे वय ४४ होते. विशीतल्या नायिकांच्या त्या हॉलिवूडमध्ये चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचे शरीर बलवान, चपळ आणि तरबेज म्हणून पडद्यावर आले, हीच मोठी नवलाई होती. पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले.

३/
तो काळ ध्यानात घेतल्याशिवाय पॅटचे मोल कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन स्त्रिया कारखान्यांत, गोद्यांत, विमाने बांधणाऱ्या उद्योगांत कामाला लागल्या होत्या. युद्ध संपले, सैनिक परतले आणि स्त्रियांनी पुन्हा घराकडे वळावे यासाठी जाहिराती, मासिके, शिक्षक आणि चित्रपट असे सगळेच कामाला लागले. १९५० मध्ये अमेरिकन स्त्रीच्या पहिल्या विवाहाचे मध्यक वय अवघे २०.३ वर्षे होते. शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नीटनेटके घर, हसतमुख पत्नी आणि तीन-चार मुले हे त्या दशकाचे आदर्श चित्र ठरले. या चित्रात स्त्रीने खेळू नये असे कुणी म्हणत नव्हते. फक्त तिने फार चांगले खेळू नये, इतकीच अपेक्षा होती.

४/
खेळांच्या नियमांतही तीच अपेक्षा उतरलेली दिसते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. धावपटू दमून कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापून आल्या, आणि ती शर्यत पुढे थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत बंद राहिली. हेलसिंकी १९५२ म्हटले की मराठी वाचकाला खाशाबा जाधवांचे कांस्यपदक आठवते. त्याच हेलसिंकीत मुंबईची मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर शर्यतींत धावली. याहून लांब अंतर धावण्याची हौस असती, तरी तिला ते शक्य नव्हते; स्त्रियांसाठी २०० मीटरपेक्षा लांब वैयक्तिक शर्यतच कार्यक्रमात नव्हती. ‘पॅट अँड माइक’ प्रदर्शित झाला तो हाच उन्हाळा.

५/
पॅट एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. हा तपशील वरवर साधा वाटतो, पण त्याला एक गमतीदार पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत स्त्रियांच्या चुरशीच्या स्पर्धांना सर्वाधिक विरोध ज्यांनी केला, त्यांत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकाच आघाडीवर होत्या. १९२३ पासून त्यांच्या संघटित चळवळीने ‘प्रत्येक मुलीला खेळ’ हे ध्येय धरले आणि विजेतेपदे, तिकिटे लावून भरवलेले सामने, विक्रम यांना नकार दिला. त्यांचा हेतू चांगला होता. मुलींचे शोषण होऊ नये अशी त्यांची कळकळ होती. मात्र परिणाम असा झाला, की अनेक महाविद्यालयांत मुलींसाठी ‘खेळदिन’ भरू लागले. वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या मुली एकमेकींत मिसळून संघ केले जात, म्हणजे कुठलेच महाविद्यालय जिंकत नसे आणि कुठलेच हरत नसे. शेवटी सरबत आणि बिस्किटे.

६/
अशा व्यवसायातली पॅट जिंकण्याची इच्छा मनात बाळगून आहे. तिचा वाग्दत्त वर कोलियर वेल्ड त्याच महाविद्यालयात अधिकारपदावर आहे. चित्रपटाच्या आरंभी महाविद्यालयाला देणगी देऊ शकेल अशा बेमिंजर नावाच्या धनिक दांपत्याबरोबर दोघे गोल्फ खेळायला जातात. कोलियरच्या देखत पॅटचा खेळ बिघडतो. त्यात भर म्हणजे बेमिंजरबाई तिला सतत फुकटचे सल्ले देत राहतात: हात असा धरा, खांदा तसा ठेवा. सहनशक्ती संपते तेव्हा पॅट त्या बाईंना धरून खुर्चीत बसवते, समोर चेंडूंची रांग मांडते आणि एकामागून एक सगळे चेंडू लांबवर सणसणीत फटकावते. एकही फटका चुकत नाही.

७/
हा प्रसंग गाजला तो हशामुळे, पण त्याचे खरे बळ वेगळे आहे. फटके मारणारी हेपबर्न स्वतः आहे. तिच्या जागी दुसरी खेळाडू उभी करून छायाचित्रणाची चलाखी केलेली नाही. त्या काळी स्त्रीच्या क्षमतेवर मते पुष्कळ होती: डॉक्टरांची, पाद्रींची, संपादकांची. मतांचा प्रतिवाद मतांनी केला की वाद लांबतो. पॅट शब्दही न बोलता चेंडू मारते आणि वाद तिथेच संपतो. खेळाने तिला दिलेला हा पहिला धडा: मैदानावर पुरावा मोजता येतो. चेंडू किती लांब गेला हे बघायला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

८/
हे फटके पाहून क्लबचा प्रशिक्षक तिला महिलांच्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत उतरायला सुचवतो. इथे माइक कॉनोव्हन पहिल्यांदा भेटतो. तो क्रीडा-प्रमोटर आहे, थोडा लबाड. तिने पैसे घेऊन मुद्दाम हरावे, असा प्रस्ताव तो घेऊन येतो. ती त्याला उडवून लावते आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचते. तिथे तिच्यासमोर उभी असते बेब डिड्रिक्सन झहारियस, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भूमिकेत. अखेरच्या टप्प्यावर कोलियर प्रेक्षकांत दिसतो आणि पॅट विजय गमावते. ज्या खेळाडूकडून ती हरते, तिच्यावर थोडे थांबायला हवे.

९/
बेब डिड्रिक्सन ही टेक्सासची, नॉर्वेतून आलेल्या कुटुंबातली मुलगी. १९३२ च्या अमेरिकन राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धेत ती एका संघाची एकुलती एक सदस्य म्हणून उतरली आणि सांघिक विजेतेपद एकटीने घेऊन गेली. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना तीनच प्रकारांत भाग घेण्याची मुभा होती. तिन्हींत तिने पदके मिळवली: भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांत सुवर्ण. उंच उडीत तिने बरोबरी साधली होती, पण तिची उडी मारण्याची पद्धत नियमात बसत नाही असे ठरवून तिला रौप्यपदक दिले गेले. तेव्हा ती २१ वर्षांची होती. नंतर ती गोल्फकडे वळली. १९४७ मध्ये ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन ठरली.

१०/
या पराक्रमांबरोबर तिच्या वाट्याला आले ते टोमणे. तिचे केस आखूड, बोलणे रांगडे, स्नायू पिळदार. वृत्तपत्रांनी तिच्या स्त्रीत्वावर उघड शंका घेतली. तिने घरी बसून नटावे-सजावे असे सल्लेही छापून आले. १९३८ मध्ये तिने जॉर्ज झहारियस या कुस्तीगिराशी लग्न केले. पुढे तिची वेशभूषा, लिपस्टिक आणि स्वयंपाक यांची वर्णने बातम्यांत दिसू लागली आणि टीकेची धार कमी झाली. तिचा खेळ तोच होता; बदलली होती ती बघणाऱ्यांच्या डोळ्यांना पटेल अशी प्रतिमा. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूलाही नजरेचा कर चुकवावा लागला. १९५० मध्ये व्यावसायिक महिला गोल्फपटूंची संघटना ज्या तेरा जणींनी स्थापन केली, त्यांत बेब होती. हेलन डेटवायलर हीही त्या तेरा जणींतली. ती आणि बेटी हिक्स या दोघीही या चित्रपटात दिसतात.

११/
पुन्हा कथेकडे. पराभवानंतर कोलियर पॅटला रेल्वेने परत घेऊन निघतो. तो रागावत नाही. तो समजूत घालतो: आता हे पुरे, लग्न करू या. त्याच्या सुरात दया आहे, आणि तीच तिला असह्य होते. ती गाडीतून उडी मारते आणि थेट न्यूयॉर्कमधले माइकचे कार्यालय गाठते. माइककडे आधीच दोन ‘मालमत्ता’ आहेत: एक शर्यतीची घोडी आणि एक मंदबुद्धी मुष्टियोद्धा. आता तिसरी येते. घोडी, मुष्टियोद्धा आणि स्त्री एका ओळीत मांडून पटकथा बोचरा विनोद करते. मात्र या हिशेबी नात्यात एक विलक्षण मोकळीकही आहे. माइकला पॅटकडून गृहिणी नको आहे. त्याला विजेती हवी आहे.

१२/
माइक तिचे खाणे ठरवतो, झोपेची वेळ ठरवतो, सिगारेट आणि दारू बंद करतो. वरकरणी ही कोलियरपेक्षाही कडक सत्ता दिसते. फरक असा, की ही शिस्त तिने स्वतः निवडलेल्या ध्येयासाठी आहे. मध्यमवर्गीय अमेरिकन स्त्रीला त्या काळी शरीराविषयी मिळणारे सल्ले बहुधा एकाच गोष्टीसाठी असत: ते कसे दिसते. कंबर किती, केस कसे, त्वचा कशी. माइक पॅटच्या शरीराकडे पाहतो तेव्हा त्याचा प्रश्न असतो, हे शरीर काय करू शकते. खेळाचा हा दुसरा धडा. दोघांचा करारही निम्म्या-निम्म्या वाट्याचा असतो. व्यवहारात ठरलेली ही बरोबरी पुढे प्रेमातही टिकेल का, हा प्रश्न तिथून चित्रपटभर उभा राहतो.

१३/
मग येतो टेनिसचा सामना. समोर गसी मोरान, हीसुद्धा खरी खेळाडू. पॅट जिंकत असते आणि कोलियर येऊन बसतो. इथे क्युकर वास्तवाची चौकट मोडतो. पॅटच्या डोळ्यांना जाळे उंच होताना दिसते. मोरानच्या हातातली रॅकेट अवाढव्य होते, पॅटच्या हातातली एवढीशी. चेंडू अंगावर धावून येतात. हशा पिकतो, पण खेळताना दडपण आल्यावर माणसाला आतून काय वाटते, याचे इतके नेमके चित्रण तोवरच्या विनोदी चित्रपटांत विरळाच होते. मराठीत ‘नजर लागणे’ हा वाक्प्रचार आहे. पॅटला अक्षरशः नजर लागते. फरक इतकाच, की ती लागते प्रेम करणाऱ्या माणसाची.

१४/
या प्रसंगात जाळ्यापलीकडे गसी मोरान उभी असणे हा पटकथेचा सर्वांत अर्थपूर्ण योग म्हणावा लागेल. १९४९ च्या विम्बल्डनमध्ये ती टेड टिनलिंग या वेशकाराने शिवलेला पोशाख घालून उतरली. आखूड झग्याखालच्या अंतर्वस्त्राला लेसची किनार होती. छायाचित्रकार कोन साधण्यासाठी जमिनीवर आडवे झाले. वृत्तपत्रांची पाने भरली. अनेक वर्षे विम्बल्डनच्या आयोजनात काम करणाऱ्या टिनलिंगला त्या कामाला मुकावे लागले. त्याच स्पर्धेत मोरान महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत खेळली, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या स्मरणात उरली. तिच्या हातातली रॅकेट जगाला दिसलीच नाही.

१५/
त्या प्रसिद्धीचा बाजारही लगेच मांडला गेला. १९५० मध्ये बॉबी रिग्ज या माजी विम्बल्डन विजेत्याने प्रवर्तक म्हणून मोरानला व्यावसायिक दौऱ्यावर नेले. तिची प्रतिस्पर्धी होती पॉलीन बेट्झ, १९४६ ची विम्बल्डन विजेती, खेळात मोरानपेक्षा कितीतरी सरस. जाहिरातीत मात्र झळकत होती मोरान आणि तिचे कपडे. सामने एकतर्फी झाले. पॅट पेम्बर्टन ही कल्पना होती. तिच्यासमोर उभी असलेली मोरान त्या कल्पनेतले दुःख प्रत्यक्ष जगून आलेली होती. पॅटवर एका माणसाची नजर होती. मोरानवर अख्ख्या जगाची.

१६/
कोलियर खलनायक नाही, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. तो दुष्ट नाही, तो हात उगारत नाही, खेळायला मनाई करत नाही. तो सुसंस्कृत आहे, देखणा आहे, काळजी करणारा आहे. त्याला फक्त मनोमन खात्री आहे, की हे सगळे तात्पुरते आहे आणि अखेर पॅट त्याच्या घरात येणार आहे. ही खात्री त्याच्या चेहऱ्यावर इतकी स्वच्छ लिहिलेली असते, की ती वाचताक्षणी पॅट तशीच होऊन जाते: असमर्थ, गोंधळलेली, आधाराची गरज असलेली. बंदी आली तर तिच्याविरुद्ध लढता येते. कौतुकाने घातलेल्या कुंपणाविरुद्ध लढणे अवघड, कारण तिथे शत्रूच सापडत नाही. पन्नाशीच्या दशकातील असंख्य सुशिक्षित स्त्रियांची कोंडी नेमकी हीच होती. बेटी फ्रीडनने तिच्यावर गाजलेले पुस्तक लिहिले ते १९६३ मध्ये, म्हणजे या चित्रपटानंतर ११ वर्षांनी.

१७/
कौतुकाच्या कुंपणाचे एक ठळक उदाहरण त्याच काळात बेसबॉलच्या मैदानावर दिसत होते. युद्धकाळात पुरुष खेळाडू सैन्यात गेल्यावर च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांनी १९४३ मध्ये महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू केली. खेळाडूंना गुडघ्यावर येणारा झगा घालून मातीत घसरावे लागे. मांड्या सोलवटून निघत. सुरुवातीच्या हंगामांत त्यांना शिष्टाचार आणि सौंदर्यप्रसाधनाचे वर्गही सक्तीचे होते. लोक सामने पाहायला गर्दी करत. १९४८ च्या हंगामात नऊ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. मग पुरुषांचे बेसबॉल पूर्ववत झाले, दूरचित्रवाणी आली आणि १९५४ मध्ये लीग बंद पडली. पॅट पडद्यावर जिंकत होती, तेव्हा खऱ्या मैदानावर स्त्रियांसाठी दारे मिटत चालली होती.

१८/
चित्रपटातला सर्वांत खळबळजनक प्रसंग खेळाच्या मैदानाबाहेर घडतो. माइकच्या पाठीशी पैसा लावणारे गुंड पॅटने मुद्दाम हरावे म्हणून दबाव आणतात. ते माइकला मारायला येतात, आणि पॅट त्यांनाच चोपून काढते. पोलीस ठाण्यात तिला ती मारामारी पुन्हा करून दाखवावी लागते. मार खाणाऱ्या गुंडांत एक तरुण नट आहे, चार्ल्स बुचिन्स्की. पुढे जग त्याला चार्ल्स ब्रॉन्सन म्हणून ओळखू लागले. पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत चक कॉनर्स, नुकताच व्यावसायिक बेसबॉल सोडून आलेला. हा त्याचा पहिला चित्रपट. प्रेक्षक खदखदून हसतात. माइक मात्र हसत नाही. स्त्रीने आपल्याला वाचवले, हे त्याच्या पुरुषी मानाला झोंबते.

१९/
इथेच चित्रपटाचा प्रामाणिकपणा दिसतो. आतापर्यंत माइक उदार होता, कारण पॅटचे बळ त्याच्या फायद्याचे होते. तेच बळ त्याच्यापेक्षा वरचढ ठरले, तेव्हा त्यालाही ती ‘बाईसारखी’ असावी असे वाटू लागले. कोलियरची नजर आणि माइकची नजर यांत अंतर आहे, पण दोन्हींचे मूळ एकच असल्याचे पटकथा लपवत नाही. अखेरच्या गोल्फ स्पर्धेत कोलियर पुन्हा येतो. या वेळी पॅट डगमगत नाही. कोण कुणाला हरवू शकतो याचा हिशेब सोडून, दोघे मिळून बाकी सगळ्यांना हरवू शकू, अशा तडजोडीवर माइक आणि पॅट येऊन थांबतात. खेळाचा तिसरा धडा तो हा: भागीदारी टिकते ती दोघांचे बळ मान्य केल्यावर, एकाने आपले बळ लपवल्यावर नव्हे.

२०/
हा शेवट किती पुढचा होता, हे समजण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागेल. १९४२ मध्ये हेपबर्न आणि ट्रेसी ‘वुमन ऑफ द इयर’ या चित्रपटात पहिल्यांदा एकत्र आले. त्यात ती जगप्रसिद्ध पत्रकार, तो क्रीडा-वार्ताहर. पुरुषांनी भरलेल्या बेसबॉलच्या पत्रकार कक्षात ती प्रवेश करते, असा धमाल प्रसंगही त्यात आहे. पण शेवटी तीच कर्तबगार स्त्री नवऱ्यासाठी न्याहारी करायला स्वयंपाकघरात जाते आणि तिथे तिची फजिती होते. तिच्या कर्तृत्वाची किंमत म्हणून प्रेक्षकांना तिचे हसे झालेले दाखवले गेले. १९५२ मध्ये त्याच जोडीची नायिका अखेरच्या प्रसंगांत गोल्फच्या हिरवळीवर उभी आहे, आणि जिंकते आहे. स्वयंपाकघर ते मैदान: दहा वर्षांतला हा प्रवास लहान नव्हता.

२१/
तरीही मर्यादा स्पष्ट आहेत. पॅट एका पुरुषाच्या नजरेतून सुटते ती दुसऱ्या पुरुषाच्या आधाराने. दुसरी मर्यादा रंगाची. चित्रपटातल्या नामवंत खेळाडू सगळ्या गोऱ्या आहेत. त्यांत ॲलिस मार्बलही दिसते, चार वेळा अमेरिकन आणि १९३९ ची विम्बल्डन विजेती. झग्याऐवजी आखूड पँट घालून, जाळ्याजवळ येऊन आक्रमक खेळणारी. याच मार्बलने जुलै १९५० मध्ये एका टेनिस नियतकालिकात खरमरीत लेख लिहून विचारले होते, की ॲल्थिया गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद का? त्याच वर्षी गिब्सनला प्रवेश मिळाला. १९५७ मध्ये ती विम्बल्डन जिंकली. पॅटला एक नजर ओलांडायची होती. गिब्सनला आधी कुंपणाच्या आत पाऊल ठेवू द्यावे लागणार होते.

२२/
पुढचा इतिहास वेगाने सरकतो. बेबवर १९५३ मध्ये कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी तिने अमेरिकन खुली महिला गोल्फ स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९५६ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, ती गेली. १९७२ मध्ये अमेरिकन संसदेने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा कायदा केला आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळांसाठी तिजोरी उघडावी लागली. खेळदिन आणि सरबताचा काळ मागे पडला. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टनमध्ये बिली जीन किंगने एका पुरुष खेळाडूला सरळ तीन सेटमध्ये हरवले. तो पुरुष होता बॉबी रिग्ज, मोरानचे कपडे विकून तिकिटे खपवणारा तोच प्रवर्तक. त्या संध्याकाळी जगभरातल्या कोट्यवधी नजरा किंगवर होत्या.

२३/
बेब, मोरान, मार्बल या तिघींनी नजरेचा सामना आयुष्यभर खेळला. बेबने तो प्रतिमा बदलून खेळला, मार्बलने लेखणी उचलून. मोरानला तो खेळण्याची धड संधीच मिळाली नाही. पॅट पेम्बर्टनला तो दीड तासात जिंकता आला, कारण ती काल्पनिक होती. काल्पनिक नायिकांचा इतिहासात उपयोग असतो तो यासाठीच. खऱ्या स्त्रियांना ज्याचे नावही घेता येत नव्हते, ते दडपण १९५२ च्या चित्रपटगृहात उंच होत जाणाऱ्या जाळ्याच्या रूपाने सर्वांसमोर उभे राहिले. अंधारात बसून हसणाऱ्या कितीतरी जणींनी ते जाळे ओळखले असेल. आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कोलियरने कदाचित पहिल्यांदाच पाहिले असेल, की आपल्या नुसत्या बघण्याने काय होते.

॥ धागा समाप्त ॥